दोन पंचायती, एक खेळाचं मैदान: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

समाजकार्य किंवा नगररचना शिकून मुलं आमच्या कामात येतात, तेव्हा त्यांना आधी झोके-घसरगुंड्यांचे कॅटलॉग बघायचे असतात. मी ते बाजूला ठेवायला सांगते आणि दोन्ही पंचायतींची जुनी इतिवृत्तं वाचायला देते. जागा कोणाच्या नावावर, वाट कोणाच्या हद्दीतून, पूर्वी कशावरून बिनसलं होतं, हे सगळं तिथे सापडतं. शेजारच्या गावांनी मिळून मुलांसाठी एक चांगलं मैदान करावं, हे कोणालाही पटतं. अडतं ते त्यानंतर.

बैठकीतलं एकमत ठरावात उतरेपर्यंत धरू नका. दोन्ही ठरावांचा मजकूर अक्षरशः सारखा हवा. एकीकडे ‘सहकार्य करू’ आणि दुसरीकडे ‘निम्मा खर्च देऊ’ असं लिहिलं गेलं, की पहिल्या बिलालाच वाद होतो. मग करारनामा: साहित्य कोणाच्या मालकीचं, विमा कोण उतरवणार, अपघाताची नोंद कुठे होणार, एखादी पंचायत बाहेर पडली तर काय. उभारणीला निधी एकदा मिळतो. देखभालीला पैसे दरवर्षी लागतात. ती रक्कम दोन्ही अंदाजपत्रकांत वेगळी दाखवली जाईपर्यंत मी आराखड्याला हात लावत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे सहकारी आहेत, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

‘खेळ म्हणजे चैन’ असं म्हणणारे सदस्य भेटतातच. त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं कलम ३१ वाचून दाखवा. विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आता तांत्रिक बाजू. युरोपात खेळसाहित्यासाठी ईएन ११७६ आणि खालच्या पृष्ठभागासाठी ईएन ११७७ ही मानकं वापरतात. आपल्या भागात कोणतं मानक लागू आहे ते शोधाच, पण ही दोन शिकून ठेवा, डोळा तयार होतो. पडण्याची उंची ३ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. झोक्याच्या एका चौकटीत दोनच बसण्या, कारण तिसरीकडे जाणारं मूल हलत्या झोक्याच्या वाटेत येतं. अंगाला वाट मिळते पण डोकं अडकतं अशा फटी मोजून शोधायच्या. त्यासाठी ठरावीक मापाचे ठोकळे असतात. सगळ्यात जास्त लक्ष मात्र जमिनीकडे द्या. पैसे कमी पडले की पहिली कात्री पृष्ठभागावर चालते, कारण तो फोटोत दिसत नाही. वाळू किंवा लाकडाचा भुसभुशीत थर मुलांच्या पायांनी बाजूला सरकतो, नेमका झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी. म्हणून हिशेबाने लागते त्यापेक्षा १० सेंटीमीटर जास्त थर टाकतात. पैसे कमी असतील तर एक खेळणं कमी घ्या, थर कमी करू नका.

मुलांना विचारायला विसरू नका, आणि दोन्ही गावांतल्या मुलांना वेगवेगळं विचारा. कार्ल थिओडोर सोरेनसेन या डॅनिश उद्यानरचनाकाराच्या लक्षात आलं होतं की मुलं तयार मैदानांपेक्षा बांधकामाच्या जागी, टाकाऊ सामानात जास्त रमतात. त्यातूनच १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे मोडक्या-तोडक्या सामानाचं क्रीडांगण उभं राहिलं. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९४७ पासून आल्डो व्हॅन आइक या डच वास्तुरचनाकाराने शेकडो छोटी मैदानं आखली, ती वाळूचे खड्डे, उड्या मारायचे दगड आणि साध्या लोखंडी कमानींची. कमी पैशांत काय होतं ते बघायचं असेल तर त्यांची छायाचित्रं पाहा.

तपासणीचे तीन थर असतात: रोजची किंवा आठवड्याची नजरपाहणी, एक ते तीन महिन्यांनी झीज आणि जोडण्यांची तपासणी, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून पूर्ण तपासणी. संयुक्त मैदानात पहिली दोन्ही कामं ‘तुम्ही बघा, आम्ही बघतो’मध्ये हरवतात. एका पंचायतीच्या एका पदावर ती सोपवा, दुसरीने तेवढ्या वेळाचा मोबदला द्यावा. धोका दिसताच खेळणं बंद करण्याचा अधिकारही त्याच पदाला, बैठकीची वाट न बघता, करारातच लिहून द्या.