नातं निरोगी आहे की नाही, हे कसं ओळखावं

नात्याबद्दल मनात शंका आली की आपण चांगल्या दिवसांचा हिशेब मांडायला बसतो. तो किती जीव लावतो, माझ्या आजारपणात ती कशी रात्र-रात्र जागली. या हिशेबातून फारसं काही हाती लागत नाही. धाकात ठेवणारा जोडीदारही चांगले दिवस देतोच. नुसता जाच असता तर कुणी राहिलंच नसतं. नात्याची खरी ओळख पटते ती तुम्ही ‘नाही’ म्हणता तेव्हा.

पायरी १ : लहानशा नकाराचं पुढे काय होतं ते बघा

मोठ्या वादाची वाट बघायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, “आज नको, मी मैत्रिणीला भेटायला चालले आहे,” एवढं म्हटल्यावर काय घडतं ते आठवा. निरोगी नात्यातही समोरच्याचं तोंड उतरतं. “अगं, मी तर आपल्या दोघांचं काहीतरी ठरवत होतो,” असं म्हणून तो थोडा वेळ खट्टूही होईल. पण तुम्ही जाता, पोटभर गप्पा मारता, परत येता आणि विषय तिथेच मिटलेला असतो.

दुसऱ्या प्रकारच्या नात्यात भांडण होईलच असं नाही. तोंडाने “जा की” म्हटलं जातं. मग तासाभरात फोनवर फोन. कोण कोण आहे, फोटो पाठव, अजून किती वेळ. घरी आल्यावर अबोला, तोही तुम्ही माफी मागेपर्यंत. पुढच्या वेळी मैत्रीण बोलावते तेव्हा तुम्हीच काहीतरी कारण काढून टाळता. मनाई कुणीच केलेली नसते, तरी तुमचं जाणं बंद झालेलं असतं. हे सगळं काळजीच्या आवाजात चालतं, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. पण काळजी करणारा माणूस तुम्ही सुखरूप पोचलात की निर्धास्त होतो. नियंत्रण करणाऱ्याचं तेवढ्याने समाधान होत नाही, त्याला पुढचा पुरावा हवा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असं सतत चालणारं, समोरच्यावर गंभीर परिणाम करणारं नियंत्रण गुन्हा ठरवलं. त्यासाठी मारहाण झालेली असावी लागत नाही.

एक सांगून ठेवते. जिथे आधीच हात उगारला गेला आहे, तिथे मुद्दाम नकार देऊन परीक्षा घेऊ नका. उत्तर तुमच्याकडे आहेच.

पायरी २ : स्वतःत काय बदललं ते तपासा

जोडीदार कसा आहे हे ठरवणं अवघड जातं, आपण कसे झालो आहोत हे बघणं त्या मानाने सोपं. दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो का? साधी गोष्ट सांगण्याआधी मनात वाक्यं घोळवावी लागतात का? त्यात काही लपवण्यासारखं नसतानाही भावाशी झालेलं चॅट पुसून टाकता का?

वर्षभरापूर्वी करत होता आणि आता करत नाही अशा गोष्टी आठवा आणि प्रत्येकीपुढे खरं कारण लिहा. आयुष्य बदलतं, बाळ येतं, नोकरी बदलते. ‘वेळ मिळत नाही’ हे कारण खरं असू शकतं. पण ‘नंतर जे ऐकून घ्यावं लागतं त्यापेक्षा नकोच’ हे कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर तिथे थांबा. हा कागद जोडीदाराच्या हाती लागण्याची भीती वाटत असेल तर लिहूच नका, मनातल्या मनात आठवा.

पायरी ३ : भांडण आणि धाक यांत गल्लत करू नका

भांडणं होतात म्हणून नातं बिघडलं असं नाही. जोडप्यांचं बोलणं वर्षानुवर्षं अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या आहेत : माणसालाच दोष देत राहणं, तुच्छ लेखणं, दर वेळी स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यांत तुच्छता सगळ्यात वाईट. यातलं थोडंफार बहुतेक घरांत सापडेल आणि दोघांची तयारी असेल तर ते सुधारताही येतं.

धाक असेल तर मामला वेगळा. तिथे दोघंही ओरडत असले तरी घाबरतं एकच जण. “राग आला की त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही” हे कारण फार ऐकू येतं, म्हणून नीट बघा : साहेबासमोर ताबा सुटतो का? पाहुणे बसलेले असताना? रागाच्या भरात फुटणाऱ्या वस्तू नेहमी तुमच्याच असतात का? माणूस बघून सुटणारा ताबा हा सुटलेला ताबा नव्हेच.

पायरी ४ : फोन, पैसा, शरीर

पासवर्ड एकमेकांना माहीत असण्यात वावगं काही नाही. तो उद्या बदललात तर काय होईल, हा प्रश्न आहे. पैशाचंही तसंच. व्यवहार एकाने बघावेत, पण दुसऱ्याला विचारायची आणि खर्च करायची मोकळीक असावी. शरीरसंबंधात कालचा होकार आज चालत नाही, लग्न झालेलं असलं तरी. कटकट टाळण्यासाठी म्हटलेलं ‘बरं’ हा होकार नव्हे. गर्भनिरोधकाबद्दल फसवणं किंवा ते वापरू न देणं ही सरळसरळ जबरदस्ती आहे.

पायरी ५ : माफीनंतरचे महिने बघा

मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हिंसेचं चक्र मांडलं : ताण साठतो, स्फोट होतो, मग गोडवा येतो. प्रत्येक नात्यात ते असंच फिरतं असं नाही, पण गोडव्याचे दिवस माणसाला कसे धरून ठेवतात हे त्यातून कळतं. खऱ्या माफीत आपण काय केलं हे स्पष्ट शब्दांत येतं, मागून ‘पण तूसुद्धा’ येत नाही, “आता विसर ना” म्हणून घाई होत नाही आणि वागणं महिनोन् महिने बदललेलं राहतं.

वाचताना यातलं काही आपणच करतो असं जाणवलं असेल तर तेही टाळू नका. जोडीदाराकडून माफी मिळवण्याआधी समुपदेशकाकडे एकट्याने जा.

पुढे काय करावं

भीती नसेल, नुसता दुरावा असेल, तर बोला, दोघं मिळून समुपदेशन घ्या. भीती असेल तर एकत्र समुपदेशनाला बसू नका. तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर अंगाशी येऊ शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधल्या अंदाजानुसार, जोडीदार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के जणींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. पुरुषांनाही हे सोसावं लागतं. तेव्हा सांगायला लाजू नका. गळा एकदा जरी दाबला असेल तर ते जिवावरच्या धोक्याचं लक्षण समजा आणि वरून खूण दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून ‘मी चालले’ असं रागात जाहीर करू नका. आधी विश्वासातल्या एका माणसाला सांगा, मदतीसाठी एक खुणेचा शब्द ठरवा, कागदपत्रं, औषधं आणि थोडे पैसे घराबाहेर ठेवा. माहिती शोधायला जोडीदाराच्या हाती न लागणारा फोन वापरा.

आणि असं कुणी तुमच्याकडे येऊन बोललं तर “मग सोडत का नाहीस?” असं विचारू नका. “आज माझा काय उपयोग होईल?” हे विचारा. ती परत त्याच घरात गेली तरी फोन करणं थांबवू नका, आणि बोलायला कोणती वेळ सुरक्षित आहे ते तिलाच ठरवू द्या.