ऊसतोडीचे बैल, सीमेपलीकडची जनावरे आणि गोचीड : गोठा कसा राखावा

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, विजयपूर आणि आपल्याच जत तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांसह वाळवा, पलूस, कराड भागात उतरतात. पौषात खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचे सौदे होतात. आणि जत-अथणी पट्ट्यात तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंनी जनावरांची ये-जा वर्षभर चालूच असते. या जनावरांबरोबर येणाऱ्या गोचिडीला कोणत्याही नाक्यावर अडवता येत नाही. तिला अडवायचे ते आपल्या गोठ्याच्या दाराशीच.

बाहेरून आलेला खिलार बैल बहुधा धडधाकट दिसतो आणि तेथेच फसगत होते. देशी जनावर गोचीड तापाला, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या आजाराला, बरेच दाद देत नाही, मात्र एकदा हा आजार होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात त्याचे जंतू दीर्घकाळ राहतात. हायलोमा जातीची गोचीड वाढीच्या एका अवस्थेत अशा बैलाचे रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत शेजारच्या दावणीतील होल्स्टिन किंवा जर्सी संकरित गाईला चावते. बैल तसाच राहतो, गाय मात्र आडवी होते. ऱ्हिपिसेफॅलस जातीच्या गोचिडीचे चक्र निराळे आहे. ती पिलाची प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर राहते, आणि तांबड्या लघवीच्या रोगाचे जंतू तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात.

म्हणून नवे किंवा परतलेले जनावर निदान २१ दिवस वेगळे बांधावे. जागा गोठ्यापासून दूर आणि शक्यतो फरशीची किंवा चोपलेल्या जमिनीची असावी. त्याची वैरण, पाण्याचे घमेले आणि दोरही वेगळे ठेवावेत. विकत घेताना कानातील १२ अंकी बिल्ला पाहावा व जनावर कोणत्या गावचे, वाटेत कोठे बांधले होते, हे विचारून लिहून ठेवावे. आलेल्या दिवशीच कानाची आतली बाजू, मानेखालची पोळी, काखा, जांघा, कास आणि शेपटीचा बुंधा बोटांनी चाचपून पाहावा, कारण बारीक पिले केसांत नुसत्या नजरेला दिसत नाहीत. रक्त पिऊन फुगलेली मादी मात्र एरंडाच्या बीसारखी सहज दिसते. ती उपटून अंगणात टाकणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार घातक आहे, कारण जमिनीवर पडलेली अशी एक मादी दोन-तीन हजार अंडी घालू शकते. तिला नखांनी न चिरडता रॉकेल किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकावे.

फवारणीसाठी १२.५ टक्के अमिट्राझ हे गोचीडनाशक एक लिटर पाण्यात २ मिलि या प्रमाणात वापरतात. तरीही हाती असलेल्या बाटलीवरचे प्रमाण वाचावे आणि पशुवैद्यकाला विचारूनच मात्रा ठरवावी. जनावराला आधी पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते तहानेने अंग चाटणार नाही. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर फवारावे आणि केसांच्या उलट दिशेने कातडी ओली होईपर्यंत, पोटाखालीसुद्धा, औषध पोचवावे; पाठीवर चार फवारे मारून काही साधत नाही. कानात व डोळ्यांभोवती फवारा न मारता कापडाने पुसून घ्यावे. जखमेवर औषध लावू नये आणि फवारणाऱ्याने हातमोजे व तोंडाला फडके वापरावे. साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी करावी. दरवेळी एकच औषध, तेही अंदाजाने पातळ करून वापरल्यास गोचीड त्याला सरावते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या जनावराला स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण त्याचा अंश दुधात उतरतो.

जनावराच्या अंगावर एका वेळी दिसतात त्यापेक्षा कितीतरी अधिक गोचिडी आणि त्यांची अंडी गोठ्यात असतात, आणि आपले बहुतेक शेतकरी नेमका हाच भाग सोडून देतात. दगडी भिंतीच्या सांदी, गव्हाणीची खालची बाजू, खुंट्याभोवतीची भुसभुशीत माती आणि छपराचे वासे येथे त्या दडतात. भेगा सिमेंटने बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा, खुंट्याजवळची माती काढून जाळावी आणि सांदीत औषध मारावे. फ्लेम गनचा (आगीचा झोत सोडणाऱ्या यंत्राचा) उपयोग चांगला होतो, पण वैरणीच्या गंजीजवळ तिचा मोह टाळावा. गोठ्यात चार देशी कोंबड्या सोडल्या तर त्या खाली पडलेल्या गोचिडी टिपतात. भिंतीतल्या मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरच्या.

टोळीचा तळ आपल्याच रानात पडला असेल, तर तो उठल्यावर ती जागा नांगरून उन्हाळाभर तापू द्यावी आणि तेथे लगेच गाई चारू नयेत.

संकरित वासरांना दोन महिन्यांच्या वयानंतर गोचीड तापाची लस टोचून घेता येते. ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, खांद्यापुढची गाठ सुजली, रवंथ थांबले किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी, कारण गोचीड ताप आणि तांबडी लघवी यांची औषधे वेगवेगळी आहेत आणि गोचीड तापावरचे बुपार्वाक्वोन सुरुवातीला दिले तरच खरा गुण येतो. बाहेरचे जनावर कधी व कोठून आले, ही लिहून ठेवलेली नोंद त्याच वेळी त्यांच्यापुढे ठेवावी.