गडावर नेण्याजोगा मीडियम फॉरमॅट कॅमेरा

मीडियम फॉरमॅट म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा. पण अजिंक्यताऱ्यावर किंवा कासला त्यातला मामिया आरबी६७ नेऊ नका. लेन्ससकट अडीच किलोंच्या वर, तो स्टुडिओतच शोभतो. जुना घडीचा ६×६ (सेंमी, चौकोनी फोटोचा) कॅमेरा जॅकेटच्या खिशात मावतो, १२० या रुंद फिल्मच्या एका रोलवर १२ फोटो देतो. फोकसचं अंतर मात्र बहुधा अंदाजानेच लावायचं. घेण्याआधी मागचं झाकण उघडून, अंधाऱ्या खोलीत भात्याच्या (लेन्स आणि फिल्म यांमधल्या घड्यांच्या आवरणाच्या) आत टॉर्च धरा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. टाचणीएवढा उजेड दिसला तरी व्यवहार सोडा. अग्फा इसोलेट या घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्यांना हे दुखणं फार. १ सेकंदाचं शटरही चालवून बघा, वाळलेलं ग्रीस तिथेच अडतं. याशिका मॅट हा दोन लेन्सचा कॅमेरा जड, पण फोकस काचेवर दिसतो. घडीचा काय नि याशिका काय, दोन्ही साधारण मीटरभराच्या आत फोकस होत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरातल्या इवल्या फुलांसाठी क्लोज-अप भिंग वेगळं घ्यावं लागेल.