इंग्रजी शब्दाचा धातू कसा काढायचा

मी मुळात संस्कृतची शिक्षिका. इंग्रजीच्या सरांची बदली झाली, जागा रिकामीच राहिली आणि नववी-दहावीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. पोरं शब्द घोकायची. सोमवारी पाठ, गुरुवारी सपाट. मला एकच विद्या येत होती, शब्द फोडून धातू काढायची. तीच इंग्रजीवर चालवून पाहिली. आता निवृत्तीनंतर ओसरीवर बँकेच्या परीक्षांची मुलं येतात, त्यांनाही हेच सांगते.

दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एकच धातू. पहिला शब्द डिक्शनरीतून शोधू नका, तोंडातला घ्या. आमच्या वहीचं पहिलं पान 'टेन्शन'चं असतं. लॅटिनमध्ये 'टेंडेरे' म्हणजे ताणणे. संस्कृतातला 'तन्' हा त्याच घराण्यातला. आपले तंतू आणि ताण त्याचेच. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री टेन्शन आलं म्हणा की ताण आला म्हणा, मूळ एकच. त्याच पानावर मग एक्स्टेन्शन येतं, बाहेर ताणलेलं. बोर्डाची लांब वायर डोळ्यांपुढे आणा. अटेन्शन म्हणजे मन एखाद्या गोष्टीकडे ताणणं.

आता उपसर्ग. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच 'हृ', पण उपसर्ग त्याला कुठल्या कुठे नेतात. लॅटिनचंही तसंच. 'जेक्ट' म्हणजे फेकणे. इंजेक्शन आत फेकतं, रिजेक्ट मागे फेकतं, इजेक्ट बाहेर, आणि प्रोजेक्टर पुढे पडद्यावर. हा 'प्रो' म्हणजे आपला 'प्र'च. 'इंटर' म्हणजे 'अंतर्', म्हणून तर इंटरनॅशनलला आंतरराष्ट्रीय इतकं चपखल बसतं. 'डी' म्हणजे खाली. एका मुलाला सराव परीक्षेत 'डिजेक्टेड' आला, कधी न पाहिलेला. तो म्हणाला, "मॅडम, खाली फेकलेला... म्हणजे चेहरा पडलेला?" अगदी तेच. त्या दिवशी त्याला मी चहा पाजला.

संधीही सोडू नका, निम्म्या स्पेलिंगची भानगड तिथेच मिटते. उत् अधिक लास, उल्लास; त चा ल झाला. तसंच 'अ‍ॅड' म्हणजे कडे आणि 'ट्रॅक्ट' म्हणजे ओढणे. 'अ‍ॅड'चा डी पुढच्या टीसारखा होतो आणि अट्रॅक्टमध्ये दोन टी येतात. सपोर्टमध्ये दोन पी, कारण 'सब' म्हणजे खालून आणि 'पोर्ट' म्हणजे वाहणे: खालून भार पेलणे. इललीगलमधले दोन एल आणि इररेग्युलरमधले दोन आर हे नकारार्थी 'इन'चे अवतार. एवढं कळल्यावर आमच्या ओसरीवर 'एक टी की दोन' हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर कशावरून आला, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगावं लागत नाही.

फसाल कुठे, तेही सांगते. 'इन' दोन आहेत: एक 'अ' सारखा नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलंय म्हणून तो पेट घेत नाही असं समजाल तर पंचाईत! तिथला 'इन' नकाराचा नाही, पेटवण्याच्या क्रियापदातलाच आहे. तसाच 'पेड'. पेडल आणि पेडेस्ट्रियनमध्ये तो लॅटिन पाय, आपला 'पद'. पण पेडिअ‍ॅट्रिशियनमधला ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. पायाचा डॉक्टर समजून नातवाला घेऊन जाऊ नका. आणि ब्रेड, वॉटर, हाउस असले घरगुती छोटे शब्द फोडत बसू नका. ते इंग्रजीचे जुने जर्मानिक, म्हणजे जर्मन भाषेच्या कुळातले शब्द; लॅटिनचे नव्हेत. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंचमधून लॅटिन शब्दांची रांग लागली. ते शिरले कोर्टात, दरबारात, कचेरीत. आपल्याकडे पाणी घरात आणि 'जलसंपदा' सरकारी पाटीवर, तसंच.

अर्थाचा अंदाज आधी पेन्सिलीने लिहा, कोशात पाहिल्यावर पेनने. चुकलेली पेन्सिल खोडू नका, चुकलेलेच शब्द जास्त लक्षात राहतात. रोज एक पान पुरे. स्पेक्ट म्हणजे पाहणे, डिक्ट म्हणजे बोलणे, रप्ट म्हणजे फुटणे, स्क्रिप्ट म्हणजे लिहिणे, एवढ्यावर पहिला आठवडा निघतो.

'कँडिडेट'चं पान मात्र मी निवडणुकीसाठी राखून ठेवते. लॅटिन 'कँडिडस' म्हणजे शुभ्र. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस मुद्दाम पांढरा केलेला टोगा घालून लोकांत फिरायचा, म्हणून तो कँडिडेट. कँडलही त्याच कुळातली, आणि आपला चंद्रसुद्धा. गेल्या वेळी त्या पानाखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'कडक इस्त्री'. मी खोडलं नाही.