स्वॉम्प बँक्सिया लावताय? मग खताची पिशवी आत ठेवा

ब्रिस्बेन-सिडनीकडच्या मंडळींनो, मार्च ते मे हा लागवडीचा चांगला टाइम, ऊन उतरलेलं असतं पण जमीन अजून गरम असते त्यामुळे थंडीच्या आत मुळं धरतात. अंगणात एखादा कोपरा असेल जिथे पाणी साचून लावलेलं सगळं सडतं, तर तिथे स्वॉम्प बँक्सिया लावा. हे झुडूप मूळचं क्वीन्सलँडच्या कुकटाउनपासून खाली सिडनीच्या दक्षिणेला इलावारापर्यंतच्या किनारपट्टीचं, दलदल आणि रेताड माळ हेच त्याचं घर, त्यामुळे ओली जमीन त्याला मानवते. साधारण २ मीटर उंची होते.

आता मेन मुद्दा. आपली सवय काय, खड्डा केला की तळाला शेणखत, वर मूठभर बोनमील, आणि कुणाकडे डीएपी (फॉस्फरस ठासून भरलेलं रासायनिक खत) पडलेलं असेल तर तेही. गुलाबाला, कढीपत्त्याला चालतं, पण बँक्सियाला प्लीज नको, झाड हकनाक मरतं! कारण असं की तिथल्या जमिनीत फॉस्फरस जवळजवळ नसतोच, म्हणून या झाडाला बारीक मुळ्यांचे दाट झुबके येतात, ते आम्ल सोडून मातीत अडकलेला फॉस्फरस सोडवून घेतात, आणि समोर ढीगभर आला तरी ते ओढणं त्याला आवरत नाही. मग जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, नवी पानं पिवळी पडतात, आणि आपण म्हणतो उपाशी आहे, अजून खत घाला. तिथेच घात होतो.

कोंबडखतही नको. काही द्यायचंच तर नेटिव्ह म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या झाडांसाठीचं स्लो रिलीज खत घ्या, पाकिटावर पी (म्हणजे फॉस्फरस) किती ते वाचून, २ टक्क्यांच्या आतलं, तेही थोडंसंच. कुंडीत लावणार असाल तर पॉटिंग मिक्सही नेटिव्हचंच. चुकून खत पडलंच असेल तर वरचं खरवडून काढा, भरपूर पाणी सोडून धुऊन काढा, पिवळेपणाला आयर्न चिलेट (झाडाला सहज घेता येणारं लोह) द्या.

माती आम्लधर्मी हवी, चुना टाकू नका. वर लाकडाच्या चिप्सचा ५-७ सेंटीमीटर थर द्या पण खोडाला टेकू देऊ नका, आणि बुंध्याजवळ खुरपं चालवू नका कारण ते झुबके अगदी वरच्या थरात असतात. पहिला उन्हाळा पाणी चुकवायचं नाही, याला कोरडं अजिबात सोसत नाही.

जुनं झाड असेल तर लागवडीच्या या दिवसांत कात्री लावू नका, तेव्हा फुलोऱ्याचा सीझन चालू असतो. कळीचं कणीस आधी निळसर हिरवं, धातूसारखी झाक असलेलं, मग पिवळट हिरवं होतं आणि शेवटी तपकिरी, हनीईटर पक्षी त्यावर तुटून पडतात. छाटणी फुलं संपल्यावर करा, आणि झाड वेडंवाकडं वाढलं असेल तर खालपर्यंत कापलं तरी चालतं, जमिनीलगत याची गाठ असते, वणव्यानंतरही तिच्यातूनच ते परत फुटतं. नवी पालवी तांबूस, मखमली लव असलेली येते.

बियांपासून करायचं तर उगवायला ५ ते ७ आठवडे लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका. रोप नर्सरीतूनच घ्या, नॅशनल पार्कमधून उपटून आणणं बेकायदेशीर आहे.