लांजी की लांजा? निराधार मोठ्या माणसांच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए, करणाऱ्या पोरापोरींचे मेसेज येऊन राहिले, ताई म्हाताऱ्या माणसांसोबत, मनोरुग्णांसोबत काम करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं काय सांगणार, म्हणून एकदाच लिहून टाकते, जसं आठवेल तसं.

पहिले माझी चूक सांगते. कामाचं दुसरं वर्ष होतं. इथं नागपूरला स्टेशनजवळ एक आजी सापडल्या, साठ-पासष्टच्या असतील, पायाला जखम, बोलणं कोणालाच कळेना. ज्यांनी आणलं त्यांनी कागदावर ‘असंबद्ध बोलते’ लिहून दिलं आणि आम्हीपण तेच पुढं उतरवलं. एकच शब्द जरा स्पष्ट यायचा, मला तो ‘लांजा’ ऐकू आला. लांजा म्हणजे रत्नागिरी! मी मोठी हुशारी दाखवत तिकडच्या पोलिसांना पत्र टाकलं, फोटोसकट. त्यांचं बिचाऱ्यांचं चार दिवसांत उत्तर आलं की अशी कोणी मिसिंग नाही. मग दोन महिने फाइल तशीच पडून. शेवटी वॉर्डातल्या एक आयाबाई, देवरीकडच्या, आजींना जेवण वाढता वाढता थांबल्या आणि मला म्हणाल्या, मॅडम, ही काहीबाही नाही बोलत, गोंडी बोलून राहिली. आणि लांजा नाही हो, लांजी. बालाघाट जिल्ह्यातलं, मध्य प्रदेशातलं, आपल्या आमगावच्या पल्याड. म्हणजे मी बाईचं घर कोकणात शोधत होते आणि ते निघालं गोंदियाच्या शेजारी. तिकडच्या ठाण्यात सात महिन्यांपासून मिसिंगची नोंद होती. नोंद तिकडं, बाई इकडं, आणि आमच्यापैकी कोणीच तिकडं साधा फोन लावला नव्हता. आजींना विसरण्याचा त्रास होता थोडा, पण असंबद्ध वगैरे काही नव्हतं त्यांच्या बोलण्यात.

त्या दिवसापासून माझं पक्कं मत झालंय, आपलं निम्मं काम हद्दीच्या पलीकडच्या माणसांशी ओळख ठेवणं आहे. समुपदेशन, केस हिस्ट्री हे येतंच हळूहळू.

नागपूरचं तर विचारूच नका. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही लाइनी इथं क्रॉस होतात, त्यामुळं छत्तीसगड, एमपी, तेलंगणा, कुठलाही भटकलेला माणूस इथं उतरू शकतो. त्यात ‘नागपूर डिव्हिजन’ नावाची रेल्वेची दोन ऑफिसं, एक मध्य रेल्वेचं, एक दक्षिण पूर्व मध्यचं. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं, लोहमार्ग पोलिस राज्याचे, आणि स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की शहर पोलिस. एखादा माणूस प्लॅटफॉर्मवर पडला की रिक्षा स्टँडवर, यावरून कागद कोणी करायचा ते बदलतं. मला पहिले वाटायचं सगळे टाळून राहिले. काही टाळतातच, पण बऱ्याच वेळा समोरच्या हवालदाराला खरंच माहीत नसतं, म्हणून कायदा तुम्हाला पाठ पाहिजे, भांडायला नाही, शांतपणे सांगायला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. हे एक कलम तरी छापून पिशवीत ठेवा. आपल्या हद्दीत मोकाट फिरणारा माणूस मानसिक आजारी वाटला आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं काम त्याच ठाण्याचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये अजिबात ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. ‘तुमच्या हद्दीत सापडला’ एवढं पुरतं, तो राहणारा कुठला याच्याशी काही संबंध नाही. मी हे चहा पिता पिता सांगते, ऑफिसातून फोनवर नाही. फोनवर कोणी ऐकत नाही.

आता डायरीचं. मोबाइलमध्ये नंबर असतातच, पण बदल्या होतात, मग तो नंबर गेला कामातून. म्हणून माणसाचं नाही, टेबलाचं नाव लिहा. कोणत्या ठाण्यात मिसिंग कोण बघतं, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचं पथक कोणत्या वारी बसतं, तहसीलमध्ये आवक कोण घेतं. नागपूर विभागाचे सहा जिल्हे तर हवेतच, पण बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, बैतूल, राजनांदगाव हेपण. आणि भाषा! गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, तेलुगू बोलणारं एकेक माणूस शोधून ठेवा, आयाबाई असो की हमाल असो. आमचा सगळ्यात चांगला दुभाषा चहावाला आहे.

आधारनं पण घर सापडतं कधीकधी. इथलीच केस आहे, २०२१ ची, पेपरात आली होती. लहानपणी स्टेशनवर सापडलेला एक मुलगा, नीट सांगता न येणारा, नवीन आधार काढायला नेला तर अर्ज सारखा रिजेक्ट. कारण बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते, जबलपूरला. दहाएक वर्षांनी घरचे भेटले. म्हणून ‘आधार निघत नाही’ असं कळलं की वैतागू नका, तिथंच धागा असू शकतो.

पण घर सापडलं म्हणजे झालं असं नाही, आणि इथं नवीन पोरं घाई करतात, कारण भेटीचा व्हिडिओ फार छान येतो. ती बाई घरून हरवली होती की पळाली होती? हे विचारलंच पाहिजे, तिला एकटीला, नातेवाईक समोर नसताना. आमच्याकडं एकदा कोणीतरी फोटो व्हायरल केला आणि दुसऱ्या दिवशी ज्या भावाच्या मारामुळं ताई बाहेर पडल्या होत्या तोच दारात हजर, गाडी घेऊन. तिकडच्या गावातल्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, फोन लावला म्हणून खरं कळलं, नाहीतर आम्ही सही घेऊन पाठवून मोकळे झालो असतो. फोटो टाकायचा नाही, तिची परवानगी नसेल तर तो कायद्यानंही गुन्ह्यासारखाच धरा.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या केसेस वेगळ्या, पण हद्द तिथंही आहेच. मुलगा पुण्याला नाहीतर रायपूरला, वडील इथं नागपुरात महाल भागात एकटे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अर्ज वडील राहतात तिथं करता येतो, मुलाच्या गावी हेलपाटे घालायची गरज नाही. अर्ज ऐकणारं न्यायाधिकरण म्हणजे आपले एसडीओ, उपविभागीय अधिकारी साहेब, पोटगी महिन्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत. आजोबांना स्वतः जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली संस्थापण अर्ज करू शकते. घर नावावर करून द्यायचं म्हणत असतील तर आधी थांबवा, बक्षीसपत्रात ‘सांभाळ करीन’ ही अट लिहून घ्या, म्हणजे पुढं कलम २३ खाली ते रद्द करायला बरं पडतं. फुकट वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, हे दोन नंबर तर तोंडपाठच.

कोर्सचं म्हणाल तर एमएसडब्ल्यू बस झालं, फील्डवर्क मात्र मनोरुग्णालयात किंवा बेघर निवाऱ्यात मागून घ्या, सोपी प्लेसमेंट घेऊ नका. पगार कमी आहे, ते लपवत नाही.

आणि माणसाला घरी सोडून आल्यावर फॉलोअप. गोळ्या पंधरा दिवसांच्या दिलेल्या असतात, चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, तिकडच्या दवाखान्यात तो ब्रँड मिळत नाही, मग गोळी बंद आणि माणूस परत गाडीत. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, आणि बाराव्या दिवशी आशाताईंना फोन लावा. लांजीच्या आजींसाठी मी अजून लावते, त्यांचा नातूच उचलतो हल्ली.