अंधारात चमकणारी की-चेन: रेझिन, पावडर आणि पांढरी पाठ

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या सगळ्याच वस्तूंना ‘रेडियम’ म्हणतात. ट्रकच्या मागची लाल-पांढरी पट्टीही रेडियमच, खरं तर ती फक्त हेडलाइटचा उजेड परत फेकते. की-चेन स्वतः चमकायला हवी तर दुकानात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट मागा, म्हणजे उजेड साठवून अंधारात सोडणारी पावडर. जुनी, स्वस्त झिंक सल्फाइड पावडर घेऊ नका, ती लवकर मंदावते. हिरवा रंग सर्वांत तेजस्वी दिसतो, त्याखालोखाल निळसर हिरवा. कण जितका बारीक तितकी चमक कमी. रेझिनसाठी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा द्रव) ५० ते ७५ मायक्रॉन ठीक.

ही पावडर रेझिनच्या तिपटीहून जड असते, म्हणून ती तळाशी बसते. बहुतेकांचा माल इथेच बिघडतो. पण उघड्या सिलिकॉन साच्यात वस्तूची दर्शनी बाजू खालीच असते, तेव्हा हे बसणं आपल्या कामाचं.

पारदर्शक इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर बाटलीवरच्या प्रमाणात, काट्यावर तोलून एकूण ६० ग्रॅम घ्या. तीन मिनिटं सावकाश ढवळा, मग २० ग्रॅम पावडर घाला. पावडर तोलताना मास्क आणि हातमोजे हवेतच. ढवळायला आइस्क्रीमची काडी घ्या, स्टीलचा चमचा नको: हे कण इतके कठीण असतात की धातू घासला जाऊन मिश्रण करडं पडतं. साच्यात २ ते ३ मिलिमीटर थर ओता, वर आलेल्या बुडबुड्यांवरून लायटर झरकन फिरवा.

थर घट्ट झाला पण बोटाला किंचित चिकटतोय, अशा वेळी पांढरा रंग घातलेलं रेझिन वरून ओता. मागे जाणारा उजेड ही पांढरी पाठ पुढे परतवते आणि महागडी पावडरही वाचते. पांढरा रंग पुढच्या थरात मात्र मुळीच नको. त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड पावडर भरणारे अतिनील किरण शोषून घेतो आणि पावडर उपाशी राहते. २४ तासांनी साच्यातून काढा.

साच्याऐवजी एखाद्या वस्तूवर चमकता रंग लावायचा असेल तर आधी पांढरा प्रायमर. मग पारदर्शक माध्यमाच्या ४ भागांत वजनाने १ भाग पावडर, ब्रशने तीन हात, दर वेळी ढवळून. माध्यम पाण्याचं असेल तर ‘कोटेड’ (कणांवर संरक्षक लेप असलेली) पावडरच घ्या. साधी पावडर पाण्याशी रासायनिक क्रिया करते, डबा दगडासारखा घट्ट होतो आणि चमक जाते. वरून यूव्ही-रोधक (अतिनील किरण अडवणारा) वार्निश मारू नका, तो पावडरीचा खुराकच अडवतो.

तपासायला दहा मिनिटं उन्हात ठेवा. पिवळ्या बल्बखाली तासभर ठेवूनही ती धड भरत नाही. मग अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा. पहिल्या अर्ध्या तासात तेज झपाट्याने उतरतं, नंतर मंद चमक कित्येक तास टिकते. ठिपके-ठिपके दिसले तर पावडर नीट मिसळली नव्हती. सगळीकडे सारखंच फिकट दिसलं तर थर पातळ झालाय.

थ्रीडी प्रिंटरची चमकणारी फिलामेंट (प्लास्टिकची तार) वापरणार असाल तर पितळी नोझल काढून कठीण स्टीलचं बसवा. त्याच कठीण कणांनी पितळ घासून भोक मोठं होतं.